चिंचेनं घासलेली टोकनं

आईनं पुण्याहून येताना बॅगेत चिंच आणली, तेव्हाच मी डाफरले होते. इथे जपानात, कोतोच्या वीतभर फ्लॅटमध्ये तांब्या-पितळेची भांडी आहेत कुठे घासायला?

पण दसऱ्याला तिला तांबं सापडलं. आम्हाला जपानी शिकवायला येणाऱ्या आजोबांची टोकनं! पूर्वी विलायतेत सुट्टे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच तांब्याची टोकनं पाडली. ती जमवायचा नाद आजोबांच्या बायकोला. त्सुनामीत समुद्रकाठचं घर गेलं, ती गेली. सापडलीच नाही. चिखलात टोकनांचा डबा तेवढा मिळाला. मी विद्यापीठात धातूंच्या गंजावर काम करते, म्हणून त्यांनी तो माझ्या हाती दिला. म्हणाले, "हिरवा गंज थांबवा, पण चिखल राहू द्या. तो आमच्या घरातला आहे."

संध्याकाळी मी घरी आले, तर पाटावर टोकनं लखलखत होती. वर हळदकुंकू. "किती कळकट होती गं, शी! सणासुदीला तांबं असं ठेवतात होय?"

"आई! काय केलंस हे!" मी किंचाळले. सिंकची जाळी उपसली, खालचा पाइप खोलला, हात घालून चाचपलं. चिंचेचा चोथा आणि चहापत्ती, बस्स. तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

"चिखलच तर होता! एवढं काय आभाळ कोसळलं?" आई पुटपुटली. मला इतका संताप आला होता, की तिला काही सांगितलंच नाही. अबोला धरला. नवरा म्हणाला, "नदीकाठची माती लावू. त्यांना काय कळणार?" त्याला लाटण्यानं बडवावंसं वाटलं. आणि खरं सांगते, मी माती आणायला पिशवी घेऊन दारापर्यंत गेलेसुद्धा. मग परत फिरले.

रविवारी आजोबा आले. फोनवर सांगायचा धीर झाला नव्हता. टोकनं पुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. माफीचे जेवढे शब्द त्यांनी शिकवले होते, तेवढे सगळे वापरले, एकही पुरेना. ते एकेक टोकन उजेडात धरून खाचा न्याहाळत राहिले. आईनं शिल्लक ठेवलं होतं कुठे काही!

"धुतलेलं पाणी कुठे ओतलं?" त्यांनी विचारलं.

मी सिंककडे बोट दाखवलं.

ते उठले, सिंकसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले, मान खाली घातली.

आई माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"अगं," ती म्हणाली, "कोण गेलं त्यांचं?"