नामदेवभाऊंच्या बोटातला ओव्हरशूट

भूत, करणी, चमत्कार... माझा कशावरच विश्वास नव्हता. मी वर्ध्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. विजेच्या लहरी दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर दिसेल तेवढंच खरं मानणारी बाई. तरीही हे लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी मी सलाइनचे थेंब मोजणारा एक डबा बनवत होते. थेंब पडला की आतल्या छोट्या दिव्याचा प्रकाश क्षणभर अडतो, कम्पॅरेटर नावाच्या चिपमधून पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका येतो, आकडा एकने वाढतो. साधं काम. पण पल्स ठरल्या उंचीच्या वर उसळायची आणि थरथरत खाली बसायची — ओव्हरशूट. त्या थरथरीत एक थेंब दोनदा मोजला जायचा.

आमचे लॅब अटेंडंट नामदेवभाऊ केळझरचे, निवृत्तीला आलेले. टेबल पुसताना त्यांचं बोट बोर्डाला लागलं आणि ते दचकले.

"मॅडम, हे झणझणून राह्यलं."

"भाऊ, पाच व्होल्ट आहेत फक्त. ते कोणाला लागतात का?"

"मले तर लागते."

गंमत म्हणून त्यांना बोट बोर्डावर ठेवून स्कोपकडे पाठ करायला लावली आणि मी आउटपुटचे रेझिस्टर बदलत गेले. उसळी असली की भाऊ म्हणायचे "लागते", नसली की "आता नाई". एकदाही चुकले नाहीत! शेवटी त्यांच्या "आता नाई"वालाच रेझिस्टर मी सोल्डर केला.

चाचणी पुढच्या आठवड्यात होती. पण माझी आत्या जुलाबांनी गळून सेलूच्या दवाखान्यात भरती झाली. डॉक्टर ओळखीचे. म्हणाले, आजच लावून बघा. भाऊ तेव्हा रजेवर, केळझरला घरी. त्यांना कोणीही कळवलं नव्हतं — मी नंतर एकेकाला विचारलंय.

सकाळी अकराला डबा लावला. आकडा जास्त दिसला म्हणून सिस्टरने सलाइनचा वेग कमी केला. थोड्याच वेळात माझा फोन वाजला.

"मॅडम, तो डब्बा कोणाले लावला का? बंद करा त्याले! माझं बोट झणझणून राह्यलं..." भाऊंचा आवाज रडवेला झाला होता.

मी वैतागले. तरी सिस्टरला म्हटलं, घड्याळ लावून थेंब मोजा. डोळ्यांनी मोजलेले थेंब डब्याच्या आकड्याच्या निम्मे! आत्याला हवं त्याच्या अर्धंच सलाइन जात होतं. मी लगेच डबा काढला, सिस्टरने वेग वाढवला.

चूक माझीच होती. पलंगापासून टेबलापर्यंत मी लांब वायर जोडली, तिने ओव्हरशूट परत आणला. पुढे वायर ग्राउंडच्या तारेसोबत पिळून, रेझिस्टर बदलून ते दुरुस्त केलं. आत्या चौथ्या दिवशी घरी आली.

पण केळझरात बसलेल्या माणसाला कसं कळलं? मी बरीच डोकेफोड केली.

गेल्या महिन्यात भाऊंना भेटायला गेले. शुगरमुळे त्यांची बोटं बधिर झालीत.

"भाऊ, त्या दिवशी कसं समजलं हो?"

"मले काय मालूम, मॅडम. भाजी निवडून राह्यलो होतो, अन् आलं बोटात. लहानपणापासून असंच. कोणाले सांगाव?" मग हसून म्हणाले, "आता काहीच येत नाई. झोप चांगली लागते."

वहिनींनी चहा आणला. माझा कप माझ्या हातात दिला. भाऊंचा मात्र बशीत ओतून, फुंकर घालून, निववून मग त्यांच्यासमोर ठेवला. त्यांच्या बोटांना आता चटकाही कळत नाही.