डावीकडची वेणीवाली

फोनवर तुम्ही दोघं नेहमी विचारता, आजी, तू एवढं टेनिस पाहतेस, पण खरी मॅच कधी पाहिलीस का? पाहिली आहे. फोनवर सांगायला घेतलं की तुमच्याकडे शाळेची वेळ होते आणि माझ्याकडे जेवणाची, म्हणून लिहूनच ठेवते. क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

टेनिसशी माझी ओळख नागपूरच्या कॉलेजात झाली. आमच्या वसतिगृहाच्या मागे कोर्ट होतं. तिथे मुलं खेळत आणि आम्ही मुली दुसऱ्या मजल्यावरून इंग्रजीच्या नोट्स हातात धरून पाहत असू. पुढे भंडाऱ्यात शिक्षिका झाले, संसार केला, टीव्ही आला आणि खेळ पुन्हा घरात आला. तुमचे आजोबा गेल्यावर तर हिवाळ्यातल्या सकाळी त्या पिवळ्या चेंडूनेच मला सोबत केली.

दुसरी सोबत तुमच्या मोठ्या आजीची. ही माझी थोरली जाऊ. नाकाडोंगरीच्या अलीकडे आपलं जे शेत आहे, ते तिने सांभाळलं. धानाची कापणी आणि चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की दोन महिने ती माझ्याकडे राहायला येते. शाळा तिने चौथीनंतर पाहिली नाही. मला ती कौतुकाने आणि टोमण्यानेही मास्तरीण म्हणते. टीव्हीसमोर माझ्या शेजारी बसून तीही मॅच पाहायची आणि चेंडू जाळीत गेला की माझ्याआधी हळहळायची.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी तिला भंडाऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा फारच पिकला होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता थांबू नका. अजून थांबलात तर डोळ्यावर दाब येईल, आणि मग गेलेली नजर परत आणता येणार नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच तिने निकाल देऊन टाकला. "मले सारं दिसते. तो डॉक्टर धंदा करून राहिला."

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती मला माहीत होती. तिच्या लहानपणी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या डोळ्याला पुन्हा कधीच दिसलं नाही. ती भीती माझ्या समजावण्याने हलेना. शिवाय ती खरंच सगळं करत होती. तांदूळ निवडत होती, टीव्ही पाहत होती. मलाही वाटू लागलं, असेल बाई दिसत थोडंफार.

त्याच सुमारास पेपरात वाचलं की नागपूरला मुलींची व्यावसायिक टेनिस स्पर्धा आहे. फार मोठी नाही. टीव्हीवर दिसतात त्या खेळाडू तिथे येणार नव्हत्या. पण जगाच्या यादीत आपलं नाव वर चढावं म्हणून गावोगाव फिरणाऱ्या मुली येणार होत्या. मी बाईंना म्हटलं, "चला." (मी तिला बाई म्हणते.)

"घरी दिसते थे फुकट, तं नागपूरले कायले जाचं?"

"तिथेही फुकटच आहे."

"मंग चाल."

मी आदल्या दिवशी यादी केली: पाण्याच्या दोन बाटल्या, टोप्या, शाल, चष्मा, वही. बाईंनी यादी केली नाही, पण पहाटे उठून लाखोरीच्या डाळीचे वडे तळले आणि डबा भरला. सातच्या एसटीने निघालो.

मैदानावर प्रेक्षक जेमतेम पन्नास होते, बहुतेक खेळाडूंचे आईवडील. आम्हाला कोर्टाच्या अगदी मध्यावर, जाळीच्या समोर जागा मिळाली. टीव्हीवर कळत नाही इतका तो चेंडू जोरात येतो, आणि रॅकेटवर त्याचा जो आवाज होतो तो छातीत वाजतो. मी पंचावन्न वर्षं दुरून पाहिलेला खेळ माझ्यापासून वीस पावलांवर चालू होता. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

दोन मुली खेळत होत्या. एकीचा फिकट पिवळा पोशाख आणि पाठीवर जाड लांब वेणी. दुसरीचा पांढरा पोशाख आणि कापलेले केस. बाईंनी विचारलं, "आपली कोनती?"

"डावीकडची. वेणीवाली."

झालं. वेणीवालीने पहिला चेंडू मारायला हात वर नेला आणि बाई ओरडल्या, "हान वो माय, हान!"

पंचांनी आमच्याकडे पाहून शांत राहायची विनंती केली. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "चूप राहून कोनाचा जोश वाढते का? आमच्या पटात असं केलं तं बैल पयतच नाही." तिच्या माहेरी शंकरपट मोठा भरतो. बैलांच्या शर्यती पाहतच ती वाढली. आणि तिथला तिचा एक नेम आहे. जिंकलेल्या जोडीच्या तोंडात आपल्या हाताने गुळाचा खडा दिल्याशिवाय ती पटावरून परत येत नाही. हा नेम लक्षात ठेवा.

टेनिसमध्ये मधूनमधून दोन्ही खेळाडू बाजू बदलतात. वेणीवाली उजवीकडे गेली. बाई मात्र डावीकडच्या मुलीसाठीच टाळ्या वाजवत राहिल्या. मला हसू आलं. पटात जोडी आपली पट्टी सोडत नाही, त्यामुळे हे व्हायचंच. मी सांगितलं, "बाई, बाजू बदलल्या न. आपली आता उजवीकडे."

"हाव, समजलं."

पुन्हा बाजू बदलल्या. बाई पुन्हा भलतीलाच शाबासकी देऊ लागल्या. एवढी लांब वेणी, ती दिसू नये?

मग मी चेंडू सोडून प्रेक्षकांकडे पाहिलं. टेनिस पाहणाऱ्यांच्या माना एकदम वळतात, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. समोरच्या बाकांवरच्या सगळ्या माना तशाच वळत होत्या. माझ्या शेजारची मान मात्र प्रत्येक वेळी थोडी उशिरा वळत होती. आधी आवाज व्हायचा आणि मग ती वळायची. एकदा चेंडू आवाज न करता बाहेर निघून गेला, तेव्हा ती वळलीच नाही.

बऱ्याच वेळाने बाईंनीच हळूच विचारलं, "मास्तरीण, चेंडू कोनत्या रंगाचा हाये वो?"

मी रंग सांगितला.

"दोन साल झाले," ती म्हणाली, "मी आवाजच पाहून राहिली."

म्हणजे टीव्हीवरची हळहळ जाळीच्या आवाजावर होती. तांदूळ ती बोटांनी निवडत होती. दोन हिवाळे ती माझ्या शेजारी बसली होती आणि मला कळलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि ऑपरेशनचं पुन्हा काढलं. विनवलंच म्हणा.

तोवर दोघी मुलींनी एकेक सेट जिंकला होता आणि शेवटचा सुरू होत होता. बाई म्हणाल्या, "आयक. हे वेनीवाली जितली तं करीन. हारली तं पुन्हा नाव काढाचं नाही. देवाची आन."

पुढचा तास मी कसा काढला ते मला माहीत! मी तिच्या कानात एकेक चेंडू सांगत होते, हा रेषेवर, हा जाळीत, आता आपली पळाली, पोचली, पोचली! बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. एका अनोळखी मुलीच्या मनगटावर माझ्या जावेचे डोळे टांगले होते आणि त्या मुलीला त्याचा पत्ता नव्हता. पाच-पाच झाले. मग पांढऱ्या पोशाखवाली सहा-पाचने पुढे. मग वेणीवालीचा शेवटचा चेंडू रेषेच्या बाहेर गेला. अगदी चार बोटं.

पंचांनी निकाल इंग्रजीत सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "काय झालं?"

मी तुम्हाला लहानपणापासून सांगत आले की खरं बोलावं. शाळेत पस्तीस वर्षं हेच सांगितलं. मी म्हटलं, "जिंकली."

बाई उठल्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला. "चाल, तिच्या तोंडात घास देऊन येऊ."

तो नेम मी विसरले होते. मी बसची वेळ सांगितली, दूर जावं लागेल म्हटलं, गर्दीचं निमित्त केलं, पण ऐकते कोण? पन्नास माणसांत गर्दी कसली! कोर्टाच्या दारापाशी वेणीवाली बाकावर एकटीच बसून बूट सोडत होती. बाईंनी हाताने चाचपत तिचा गाल धरला, वडा पुढे केला आणि थबकल्या. बोटं ओली झाली होती.

"जितली न माय? मंग रडते काहून?"

मुलगी गोंधळली. हिंदीत म्हणाली, "दादी, मैं तो हार गई।"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वडा त्या मुलीच्या तोंडात दिला, दुसरा हातात दिला आणि तिच्या पाठीवरची वेणी वरपासून खालपर्यंत हाताने पाहिली. मग विचारलं, "अब क्या करेगी बेटा?"

"अगले हफ्ते दूसरे शहर में खेलना है," ती तोंडात वडा धरूनच म्हणाली. आणि हसली.

परतीच्या बसमध्ये मी माफी मागायला तोंड उघडलं की बाई खिडकीकडे वळत. मौद्याजवळ कन्हानच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला, तेव्हा त्यांनी नदीला हात जोडले. सकाळीही जोडले होते. तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना नदी दिसली.

पूल संपल्यावर त्या म्हणाल्या, "पन्नास सालात तू मले एकदाबी खोटं बोलली नाही. माही भाजी बिघडली तं तोंडावर बिघडली म्हनते. आज बोलली. एवढी भेली तू?"

"हो," मी म्हटलं.

"मंग डोरे खरंच जाऊन राहिले असन."

तिच्या बोलीत डोळ्यांना डोरे म्हणतात. मी म्हटलं, "तुम्ही आण घेतली आहे. मी आता नाव काढणार नाही."

"तू नको काढू," बाई म्हणाल्या. "मी काढून राहिली. त्या डॉक्टरले कवा भेटाचं?"

होळीच्या आधी उजवा डोळा झाला, आणि उन्हाळी धान कापून झाल्यावर डावा. उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभी होते. तिने मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि म्हणाली, "किती म्हातारी झाली वो तू!" इतकं गोड मला आजवर कोणी काही बोललेलं नाही.

त्या मुलीचं नाव माझ्या वहीत आहे. त्यानंतर ती किती जिंकली, किती हरली, मला माहीत नाही. तिला आमची गोष्टही माहीत नाही. सकाळच्या पूजेत मी तिचं नाव घेते, एवढंच तिला देता येतं. हरायला तिला त्या दिवशी किती जड गेलं असेल! पण तिने ते सरळ सांगितलं, म्हणून बाई माझ्या खोट्यावर नाही, स्वतःच्या मनाने डॉक्टरकडे गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा नागपूरला गेलो, त्याच बाकांवर बसलो. या वेळी पंचांच्या आधी बाईच म्हणत, "बाहेर हाये." मान माझीच उशिरा वळत होती, कारण मी चेंडूपेक्षा तिच्याकडेच पाहत होते.

डबा होताच. मॅच संपल्यावर जिंकलेल्या मुलीभोवती फोटो काढणारे जमले. मी बाईंना तिकडे नेऊ लागले, तर त्यांनी मला हाताने मागे सारलं आणि दुसऱ्या दाराकडे निघाल्या.

"तिले द्याले लय लोक हायेत," त्या म्हणाल्या. "हारलेली कुठं बसली हाये, दिसून राहिली मले."