मटिल्डाबायचा पगार

आमच्या गावात राजेळी केळ्यांची सुकेळी आता दोन-तीन घरांतच होतात. त्यातलं मोठं घर लुईसचं. आगाशीच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत, पार्ल्यापर्यंत गिऱ्हाईक आहे. पाटीवर त्याचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. कर्जापासून पाकिटांपर्यंत सगळं त्यानेच उभं केलं. पण सुकेळं तयार होतं ते मागच्या अंगणात, आणि ते अंगण मटिल्डाचं.

मटिल्डा त्याची थोरली बहीण. वय साठीच्या पुढे, लग्न केलं नाही. सकाळी केळी सोलून मांडवावर मांडायची, दुपारी एकेक उलटायची, ऊन उतरलं की सुक्या पानांत गुंडाळून आत न्यायची. दोघंही माझे विद्यार्थी. मटिल्डाला मात्र मी एकच वर्ष शिकवलं. पाचवीत असताना तिची आई आजारी पडली आणि तिने दप्तर खुंटीला लावलं. लुईस तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं.

तिला पगार द्यावा असं कुणाच्या मनात कधी आलं नाही. घरच्या माणसाच्या हातावर पैसे ठेवणं म्हणजे त्याला परकं करणं, असं आमच्याकडे अजून मानतात. काही हवं असलं की ती लुईसकडे मागे. मागच्या वर्षी तिला दातांची कवळी करायची होती. "मोसम संपू दे, बाय," लुईस म्हणाला. मोसम संपला, कवळी राहिली.

या मार्चमध्ये तो एका दुपारी माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकची फाईल.

"टीचर, एक कागद आहे. बायला वाचून दाखवाल? मला जमत नाही."

"इंग्रजी जमत नाही?"

"इंग्रजी जमतं."

मी कागद वाचला. भावाच्या धंद्यात मी कामाला आहे, आणि गेली तीन वर्षं मला दरमहा नऊ हजार रुपये रोख पगार मिळाला आहे, असं मटिल्डाच्या तोंडी लिहिलेलं होतं. खाली सहीची जागा मोकळी.

हळूहळू त्याने सगळं सांगितलं. एव्हरशाईन सिटीतला अल्पेश त्याचे कराचे कागद करतो. धंद्याचा खर्च कमाईतून वजा होतो आणि उरेल त्यावर कर बसतो, हे त्यानेच लुईसला समजावलं होतं. वीज, पाकिटं, डिझेल, टेम्पोची झीज, सगळं नियमाप्रमाणे लागलं. मग अल्पेशने विचारलं, "घरातलं कोण काम करतं?" "बहीण." "मग तिचा पगार कुठाय? टाकू ना! नऊ हजार धरू. दहाच्या वर गेलं की रोख चालत नाही." लुईसला तेव्हा त्यात खोटं वाटलं नाही. काम तर ती करतच होती. वर्षाला वीसेक हजार कर वाचू लागला. आता खात्याची नोटीस आली होती: हा पगार दिल्याचा पुरावा द्या.

"अल्पेश म्हणतो, टेन्शन नको लुईसभाई, ताईंची सही आणा, मिटलं."

"न सांगताही घेता आली असती," मी म्हटलं.

"आली असती." तो खाली बघत होता. "काल तसाच घेऊन गेलो. मी पुढे केलेला कागद ती वाचत नाही, टीचर. हात पुसले आणि म्हणाली, कुठे करू?" त्याने फाईल मिटली. "मी म्हटलं, चुकीचा कागद आणला."

"मी सोबत येते," मी म्हटलं. "पण वाचायचं तू."

मटिल्डा अंगणात केळी उलटत होती. लुईसने उभ्यानेच, आपल्या घरच्या बोलीत, एकेक वाक्य सांगितलं. त्याची बायको ज्युली दारात येऊन उभी राहिली.

"कुणाचा पगार?" मटिल्डाने विचारलं.

"तुझा."

"दिला कुणी?"

"मी."

"कधी रे?"

लुईसने हातातला कागद सरळ केला.

"बाय, कागदावरचं आहे ते," ज्युली म्हणाली. "सगळेच करतात."

"तू मध्ये पडू नको," लुईस म्हणाला.

मटिल्डाने चिकट बोटांवर हिशेब केला. "सव्वातीन लाखाला थोडे कमी. अरे, तो साहेब मला बघेल आणि म्हणेल, बाई, एवढे पैसे उधळले कुठे? तोंडात दात पण नाहीत!" ती तोंडावर हात धरून हसली. आम्ही कुणी हसलो नाही. मग ती म्हणाली, "आणि नऊच धरले? गडी लावला असतास तर बारा मागितले असते त्याने."

लुईस रिकाम्या क्रेटवर बसला.

ती जवळ आली. "तुला त्रास होणार असेल तर करते सही. पेन दे."

तिने हात पुढे केलेला होता. लुईसने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "नको, बाय."

दुसऱ्या दिवशी तो अल्पेशकडे गेला आणि तिन्ही वर्षांचा तो खर्च काढून टाक म्हणाला. कर, त्यावरचं व्याज, दंड, जे बसेल ते.

"फुकटचा शहाणपणा," अल्पेश म्हणाला.

"फुकट कसा? भरतोय ना."

एप्रिलमध्ये त्याने मटिल्डाच्या नावाने खातं उघडलं आणि पहिल्या महिन्याचे चौदा हजार भरले. यंदाचा पगार खर्चात दाखवला तर तो खरा असेल. पासबुक घेऊन तो अंगणात गेला. तिने ते हातात घेतलं नाही.

"म्हणजे मी आता कामाला आलेली?"

त्याने ते ओट्यावर ठेवलं. दोन दिवस ते तिथेच पडून होतं. तिसऱ्या दिवशी तिने ते उचललं आणि म्हणाली, "मग रविवारची सुट्टी पण दे. कामाच्या बाईला असते."

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती निर्मळला मावसबहिणीकडे, क्लेमेंटीनकडे गेली. दुपारी मी कुंपणाजवळून जात होते. लुईस मांडवाशी वाकून केळी उलटत होता. अर्ध्यावरच आला होता, आणि कंबरेवर हात ठेवून सारखा सरळ होत होता.

"टीचर, ही आज आत घ्यायची की अजून एक दिवस?"

"मला काय ठाऊक? बायला विचार."

त्याने फोन काढला, नंबर लावला आणि वाजायच्या आतच बंद केला.

"राहू दे," तो म्हणाला. "आज सुट्टी आहे तिची." आणि माझ्याकडे न बघता पुन्हा वाकला.