घंटा कुणाची

सोलापुरात त्या काळी कचेरीत काम अडलं, की दोन वाटा होत्या. एक अर्जाची, ती लांबची. दुसरी थोरल्या शाळेची. साहेबाच्या टेबलापुढे उभं राहून माणूस हळूच म्हणायचा, "मीही थोरल्या शाळेचाच." साहेब चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "असं? घंटा कुणाची?" समोरून "येडूमामाची" असं उत्तर आलं, की खुर्ची पुढे सरकायची, चहा यायचा आणि चहा संपायच्या आत सही व्हायची.

शाळेचं खरं नाव लांबलचक होतं. ते इथं सांगण्याची गरज नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहेच, आणि ज्यांना नाही त्यांना तिथं कुणी घेतलंच नसतं. वकील, डॉक्टर, गिरणीचे मॅनेजर, बँकेचे एजंट, सूतवाले व्यापारी, सगळे त्याच अंगणातून बाहेर पडलेले. त्यांचं माजी विद्यार्थी मंडळ होतं. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा भरायची आणि गावात कुणाची बदली व्हावी, कुणाची होऊ नये, हे तिथं भज्यांबरोबर ठरायचं.

आणि ज्याच्या नावावर हे सगळं चालायचं, तो येडूमामा शाळेचा शिपाई होता.

येडू सांगोल्याकडचा धनगर. एका वाईट सालात मेंढरं गेली, तेव्हा मिसरूड फुटलेला येडू चालत सोलापूरला आला आणि थोरल्या शाळेत शिपाई म्हणून लागला. व्हरांड्यात टांगलेली पितळी घंटा आणि ती वाजवायची लाकडी मोगरी त्याच्या हातात आली, ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत हातातच राहिली. पोरांना तो जीव लावायचा. उशीर झालेल्याला बघून टोल अंमळ सावकाश द्यायचा, छडी खाऊन आलेल्याच्या हातावर माठातलं गार पाणी ओतायचा. ती पोरं मोठी झाली, साहेब झाली. रस्त्यात दिसली की मोटार थांबवून म्हणायची, "काय येडूमामा, बरंय ना?" तेवढ्यावर मामाची छाती दोन दिवस फुगलेली असायची.

त्याला वाटायचं, आपलं नाव चालतं. बिचाऱ्याची चूक ती एवढीच. आपलं नाव दुसऱ्यांचं काम करतं, तर आपलं करणार नाही होय?

एकदा घरात वीज घ्यायची म्हणून तो वीज मंडळाच्या कचेरीत गेला. साहेब शाळेतलाच. पण नव्या कारकुनाने मामाला ओळखलं नाही. त्याने सवयीने विचारलं, "थोरल्या शाळेचे का? घंटा कुणाची?"

"कुणाची म्हंजे? माजीच की!" मामा म्हणाला.

सगळी कचेरी पोट धरून हसली. साहेब स्वतः बाहेर आला, मामाच्या पाठीवर थाप मारली, चहा पाजला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. वीज मात्र आली ती तीन पावसाळ्यांनंतर, इतर सगळ्या गल्लीबरोबर. मामा हा किस्सा स्वतःच हौसेने सांगायचा. त्याची बायको केराबाई चुलीपुढून म्हणायची, "हसलं म्हंजी मानलं न्हवं. तुमाला कवा कळायचं?"

मामाची एकुलती एक मुलगी तानाबाई. थोरली शाळा मुलांची, म्हणून ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकली, पुढे बार्शीला राहून डी.एड. झाली. चांगल्या मार्कांनी झाली. त्याच वर्षी थोरल्या शाळेने बालवर्ग काढला आणि बाई नेमायची जाहिरात दिली. मामाच्या अंगात वारं शिरलं. "तुजी नेमणूक झालीच म्हणून समज," तो पोरीला म्हणाला. "समदी मंडळी आपलीच हायती."

तानाबाई इस्त्रीचं पातळ नेसून मुलाखतीला गेली. समोर मंडळाचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा, सुताचे बडे व्यापारी. शेजारी चिटणीस रामहरी वकील. तिने फळ्यावर धडा घेऊन दाखवला. गुरुसिद्धप्पांनी मान डोलावली. मग वकिलांनी हसत विचारलं, "घरात कुणी आमच्या घंटेतलं आहे का?"

"माझे वडीलच घंटा देतात," तानाबाई म्हणाली.

"अरे, ही आपल्या येडूमामाची!" दोघेही मनापासून हसले. तिची चौकशी केली, केळं खायला दिलं. जागा बँकेच्या एजंटच्या मेहुणीला मिळाली. तिचा डी.एड.चा निकाल अजून लागायचा होता.

तानाबाईने घरी येऊन इस्त्रीच्या पातळाची घडी घातली आणि पेटीत ठेवली. मामा मात्र अजून आशेवर होता. "आजून काय तरी बगतील ती," तो म्हणत राहिला. "इतकी वर्सं खाल्लेल्या मिठाला जागतील की." मीठ कोणी कोणाचं खाल्लं होतं, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

मे महिन्यात मंडळाचा मेळावा असायचा. त्या वर्षी, म्हणजे मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी, मेळाव्यात येडूमामाचा सत्कार ठरला होता. शाल, नारळ, फेटा. आणि या मेळाव्याची एक रीत होती. सगळे जुने विद्यार्थी, मग तो कलेक्टर कचेरीतला असो की मुंबईचा सर्जन, शाळेच्या अंगणात आपापल्या सालाप्रमाणे रांगेत उभे राहायचे, अगदी लहानपणासारखे. मामाने टोल दिला, की प्रार्थना आणि मग हॉलमध्ये आमरसाचं जेवण. टोल पडेपर्यंत कुणी रांग मोडायची नाही. हा पहिल्या हेडमास्तरांचा दंडक. ते जाऊन जमाना झाला, पण हा दंडक मंडळी देवघरातल्या देवासारखी जपायची. आदल्या वर्षी एक मोठे अधिकारी रांगेत घामाघूम उभे राहिले, तर त्यांचा फोटो पेपरात आला. साधेपणाचा असा डांगोरा दुसरीकडे पिटलेला आम्ही पाहिला नाही.

सकाळी मामा घंटेला चिंच लावून घासत होता. लग्नघरात वावरावं तसे रामहरी वकील आले. "मामा, आज तुम्हाला एक गोड बातमी आहे. स्टेजवरून जाहीर करायची होती, पण मला राहवत नाही. तुमच्या तानाबाईला घेतलं आपण शाळेत!"

मामाच्या हातातली चिंच गळून पडली. "खरं म्हंता, वकीलसायेब?"

"खरं म्हणजे काय! बालवर्गाला आया लागतेच. पोरांचे डबे, शी-शू, झोपवणं. म्हटलं, बाहेरची बाई कशाला? घरचं माणूस असलेलं बरं. आपल्या गुरुसिद्धप्पा अण्णांनी लगेच हो म्हटलं. युनिफॉर्मचं पातळही आणलंय."

वकिलांच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. सांगायला हवं, कारण तीच खरी गोम. त्यांना मनापासून वाटत होतं, की आपण उपकार करतो आहोत. शिपायाची पोर आया होणार, याहून सरळ काय असणार? तिचं डी.एड. त्यांच्या लेखी केळ्याच्या सालीबरोबर गेलं होतं.

"पोरगी मास्तरीण हाय," मामा हळू म्हणाला.

"हो हो, हुशारच आहे. पोरांना गाणीबिणी म्हणून दाखवील." वकील घड्याळ बघत निघून गेले.

मामा घंटेखाली तसाच बसून राहिला. मोटारी थांबायचे, हसण्याचे, मिठ्या मारण्याचे आवाज येऊ लागले. "काय येडूमामा, बरंय ना?" एकेक जण जाता जाता म्हणत होता. इतकी वर्षं या शब्दांनी त्याचं पोट भरायचं. त्या सकाळी तेच शब्द त्याच्या पोटात निखाऱ्यासारखे पडत गेले. केराबाई किती वर्षं सांगत होती!

रांगा लागल्या. अंगणभर पांढरे सदरे, सफारी, दोनचार कोट. सोलापूरचं ऊन मे महिन्यात कुणाची ओळखदेख ठेवत नाही. चेहरे तापू लागले. पहिल्या रांगेत गुरुसिद्धप्पा, त्यांच्यामागे वकील. सगळ्यांचे डोळे मामावर. सत्कार बघायला आलेल्या केराबाई आणि तानाबाई भिंतीच्या कडेला उभ्या होत्या.

मामा उठला. मोगरी हातात घेतली, उचलली. आणि खाली केली.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. कुणी टाळीही वाजवली.

"एक इचारायचं हाय," मामा म्हणाला. टोल देऊन देऊन त्याचा कान जरा मंदावला होता, म्हणून तो मोठ्याने बोलायचा. अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "मग टोल देतो. माजी पोरगी डी.एड. हाय. पैल्या वर्गात पास. तिला तुमी मास्तरीण का केली न्हाय?"



"मामा, हे नंतर बोलू," वकील दबक्या आवाजात म्हणाले. पण जागचे हलले नाहीत. टोल पडला नव्हता ना! रांग कशी मोडणार? मागे मुंबईचे सर्जन, पुण्याचे इंजिनिअर, सगळे बघत होते. दंडक मोडणारा पहिला माणूस कोण, हे जन्मभर लक्षात राहिलं असतं.

"नंतर न्हाय. आत्ता. तुमी समदी हितं शिकला. येकानं सांगा, म्या वाट बगतो."

मामा वाट बघत राहिला. मंडळीही बघत राहिली, आपापल्या पायांकडे. मानेवरून घाम उतरत होता. हॉलमधून आमरसाचा वास येत होता. शेवटी गुरुसिद्धप्पा करवादले, "येडू, काय रे हे? तुझ्या मुलीला काम दिलंय की आम्ही. कमी काय केलंय तुला?"

"काम दिलंसा अण्णा. पण कुटलं? तिनं मागितलं त्ये न्हवं. तुमाला वाटलं त्ये. माज्या नावावर तुमी बदल्या केल्या, परवानं काढलं, मेव्हण्या लावल्या. माजं नाव तुमाला चालतं. माजी पोरगी न्हाय चालत."

"मोगरी दे इकडे!"

"घ्या की!" मामा पायऱ्या उतरला आणि त्याने मोगरी गुरुसिद्धप्पांच्या हातात ठेवली. "मारा टोल. तुमचीच शाळा, तुमचीच घंटा."

मग जे झालं, ते ज्यांनी पाहिलं ते अजून विसरलेले नाहीत. गुरुसिद्धप्पांनी मोगरीकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं. टोल देणं शिपायाचं काम. सुताच्या पेढीचा मालक सगळ्यांदेखत टोल देणार? त्यांनी मोगरी मागे वकिलांकडे दिली. वकिलांनी तापल्या तव्यासारखी ती शेजारी सरकवली. शेजारच्याने मागे. बँकेचे एजंट, गिरणीचे मॅनेजर, सर्जन, इंजिनिअर, एका हातातून दुसऱ्या हातात मोगरी अंगणभर फिरत गेली. घंटा चार पावलांवर टांगलेली होती. तेवढी चार पावलं जायला एकही माणूस निघाला नाही.

येडूमामा ते बघत उभा होता. त्याला हसू आलं, आणि रडूही आलं. ही माझी पोरं, त्याला वाटलं, यांच्या हातावर मी पाणी ओतलं.

तानाबाई पुढे आली. "आबा, चला घरी," ती म्हणाली. आणि जाता जाता गुरुसिद्धप्पांना म्हणाली, "ते युनिफॉर्मचं पातळ परत करा दुकानात. मी नेसणार नाही." केराबाईने पदर खोचला, मान ताठ केली, आणि तिघं फाटकातून बाहेर पडली. मागे टोल पडलाच नाही. मंडळी शेवटी एकेक करून सावलीला सरकली म्हणतात. पहिला कोण सरकला, यावरून मंडळात पुढे बरीच वर्षं वाद होता.

मामाची नोकरी गेली, सत्कार राहिला. नवा शिपाई आला. पण कचेऱ्यांतून "घंटा कुणाची?" हा प्रश्न हळूहळू बंद झाला. विचारलं, की उत्तर देणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ती हातोहात फिरलेली मोगरी आठवायची. ओळखी काही संपल्या नाहीत, एवढे भाबडे आपण नाही. पण त्यांना दुसरं दार शोधावं लागलं.

तानाबाई वर्षभर घरी बसली. मग माळशिरस तालुक्यातल्या एका धनगरवाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची नेमणूक झाली. एस.टी. तिथवर जात नव्हती, कोसभर चालावं लागे. त्या वाडीवर जायला कुणाच्याच मेहुणीची तयारी नव्हती.

पुढे मामा तिच्याकडे गेला. एकच खोली, दारात बाभळ, बाभळीला टांगलेला रुळाचा तुकडा. वाजवायला शिपाई कुठला? एक चिमुरडी हातात दगड घेऊन बाभळीखाली मोठ्या तोऱ्यात उभी होती.

मामाने सवयीने विचारलं, "घंटा कुणाची गं?"

"आज माजी," पोरगी म्हणाली. "काल भीमाची व्हती. उद्या निंगव्वाची. बाईंनी पाळी लावून दिलीया."

तिने टाचा उंचावून दगड हाणला. ठणठण आवाज माळावर गेला, तशी पोरं चारी बाजूंनी धावत आत शिरली. पोरगीही दगड टाकून त्यांच्यामागे पळाली.

मामा बाभळीखाली एकटाच राहिला. सगळा जन्म हे असंच झालं होतं: टोल पडायचा, सगळी आत जायची आणि तो व्हरांड्यात. त्याने फेटा सारखा केला, वहाणा दाराशी काढल्या आणि आत जाऊन शेवटच्या रांगेत पोरांच्या बरोबरीने मांडी घातली.

फळ्यापाशी तानाबाई थांबली. "आबा, तुम्ही?"

"का?" मामा म्हणाला. "टोल पडला न्हवं?"