शे की नाही, ते बघू या

अक्का गेल्याचा निरोप घेऊन त्यांच्या शाळेतला शिपाई सकाळच्या एसटीने जळगावहून सावद्याला आला. मी केळीच्या बागेतून घरी आले, तर तो ओट्यावर बसलेला, पुढे ठेवलेलं पाणीही घेत नव्हता... त्यावरूनच समजलं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. जळगावला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी सातवीतून शाळा सोडलेली, त्यांच्याबद्दल लिहिताना काही चुकलं तर, ही धास्ती आहेच. पण या घरात मी टिकले ती त्यांच्यामुळे, म्हणून लिहिते.

माझं माहेर लांब, धुळ्याकडचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या बिबड्या फुटल्या. भिजवलेल्या ज्वारीचा घाटा शिजवून खाटेवरच्या ओल्या धोतरावर पाण्याच्या हाताने गोल थापायचा, की उन्हात वाळून बिबडी होते. त्या वर्षी उचलायला जावं तर हातात तुकडेच. "नव्या सुनेचा हात लागला, दुसरं काय!" सासूबाई शेजारणींना म्हणाल्या. मग म्हैस आटली, तीही माझ्याच नावावर गेली. पुढे धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि बोलणं सुरू झालं, तोवर हिला माहेरी ठेवा. अशी ठेवलेली मुलगी परत कधी आणतात, ते मी माहेरच्या गल्लीत पाहिलं होतं. यजमान खाली मान घालून जेवायचे.

अक्का सुट्टीला आल्या तेव्हा मागच्या दारी मी रडतच माहेरच्या अहिराणीत विचारलं, "अक्का, मना हात वाईट शे का?" वाटलं, जवळ घेतील, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "शे की नाही, ते बघू या."

सासूबाईंना त्यांनी आधीच बांधून घेतलं. "माय, एकाच पातेल्यातला घाटा. अर्धा तू थाप, अर्धा ती थापेल. दोघींच्यात फरक दिसला नाही तर काय म्हणशील, ते आत्ताच सांग."

"मास्तरीण झाली तं आईची परीक्षा घेती काय व?"

"घेते. पण नापास नाही करणार."

"बरं. मंग तिच्या हाताचं नाव काढनार नाही."

घाटा थापायला बसलो. "माझ्याच फुटल्या तर?" मी हळूच विचारलं. "तर तसं सांगेन," अक्का म्हणाल्या. फार राग आला तेव्हा. आज वाटतं, त्या माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलल्या नसत्या, म्हणूनच त्यांचा शब्द घरात चालला.

वाळलेल्या बिबड्या त्यांनी दोन सुपांत भरल्या आणि विचारलं, "माय, यातलं तुझं कोणतं?" सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिलं. बठ्ठ्याच, दोन्ही सुपांतल्या, फुटलेल्या! त्यांना आपलं सूप ओळखता येईना. "म्हणजे हात नाही," अक्का म्हणाल्या, "आता दुसरं शोधू." त्या वर्षी घरात नवी हायब्रीड ज्वारी आली होती. अक्कांनी शेजारून गावरान ज्वारी आणली. बाकी काही बदलू दिलं नाही. खाटा त्याच, ऊन तेच, हात आम्हा दोघींचेच. बिबड्या अख्ख्या निघाल्या. सासूबाईंनी लगेच हायब्रीडला शिव्या घालायला सुरुवात केली. "आता त्या ज्वारीच्या मागे लागू नको," अक्का हसल्या, "आधी परत एकदा करून बघू." दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. मला धाडायचं बोलणं पुन्हा निघालं नाही. म्हैस का आटली, ते मात्र कधी कळलं नाही, आणि कळलं असं सोंगही अक्कांनी केलं नाही.

परवा सासूबाईंना घेऊन त्यांची जळगावची खोली आवरायला गेले. भेटायला आलेल्या बायका कारणं सांगत होत्या. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे खोलीचं तोंड दक्षिणेला... अक्कांच्या खाटेवर बसून सासूबाई सगळं ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तू सांग व. कशानं गेली माही पोर?"

काहीतरी धीराचं सांगावं, असं फार वाटलं. ओठावर आलंही होतं.

"माहीत नाही, माय. डॉक्टरलाही नीट कळलं नाही."

सासूबाईंनी जरा सरकून माझ्यापुरती जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "तीबी हेच म्हनली असती."