मी आजारी नव्हते

बारावी आणि बी.एस्सी. यांच्यामधलं एक अख्खं वर्ष मी आजारी होते, असं सांगणारा एक बाँड अजून माझ्याजवळ आहे. त्यावर माझा फोटो आहे, सही आहे, नोटरीचा गोल शिक्का आहे. फोटो खरा, सही खरी, शिक्का खरा, फक्त मजकूर खोटा. त्या वर्षी मला साधं पडसंही झालं नव्हतं. मी ऊस तोडत होते.

आमची वस्ती रिठदच्या पुढे, फाट्यावरून अर्धा तास चालत आत. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, आई-बाबाही दरवर्षी जायचे. तोडीवर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे दोन माणसं. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं त्याची पाचट काढून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. एकट्या माणसाला मुकादम नेत नाही. माझी बारावी झाली त्या पावसाळ्यात आई नाल्यावर घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. तो नंतर नीट बसलाच नाही. घरचा स्वयंपाक, सोयाबीनची सोंगणी, आईची वेणीफणी, सगळं माझ्याकडे आलं. कॉलेजच्या प्रवेशाच्या तारखा कधी आल्या आणि कधी गेल्या ते मला कळलंही नाही. दिवाळीनंतर बाबांच्या कोयत्यातलं दुसरं माणूस मी झाले.

कुणाला कीव यावी म्हणून हे सांगत नाही. उलट मला त्याचा तोरा आहे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढावं लागतं, आणि ती फळी पायाखाली थरथरते. सुरुवातीला बाबा खाली उभे राहून फळी धरायचे. संक्रांतीनंतर त्यांनी धरणं सोडून दिलं, कारण गरजच उरली नव्हती. कॉलेजात मला पुढं जी काही प्रमाणपत्रं मिळाली, त्यातल्या एकाचंही मला एवढं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी आईचा हात थोडा चालायला लागला आणि मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. फी भरायची ऐपत नव्हती, सगळी भिस्त शिष्यवृत्तीवर होती. कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं, फॉर्म भरा नाहीतर पूर्ण फी भरा, नाहीतर परीक्षेचा अर्ज मिळणार नाही. म्हणजे फॉर्म चुकला की कॉलेज संपलं, इतकं ते सरळ होतं.

मी तो फॉर्म भरायला गेले शेवटच्या तारखेला. आता सगळे म्हणतात, ही खेड्यातली पोरं ऐनवेळीच उगवतात, आधी काय झोपतात का? अहो, आमचा उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी हातात पडला. त्याच्यासाठी मी चार खेटे घातले. एकदा साहेब मीटिंगला, एकदा नेट बंद, एकदा रेशनकार्डाची झेरॉक्स पुसट. प्रत्येक खेट्याला एसटीचं भाडं आणि बुडालेला तास. शेवटच्या दिवशी रांगेत उभी असलेली पोरं आळशी नसतात, ती सगळ्यात जास्त फिरलेली असतात. हे एकदा कुणीतरी त्या कार्यालयांच्या भिंतीवर लिहून ठेवायला पाहिजे.

कॉलेजच्या गावी बसस्टँडजवळ एक ऑनलाइन सेंटर होतं. एका जैन कुटुंबाचं जुनं कापडाचं दुकान. अर्ध्या भागात अजून साड्या आणि ब्लाउजपीस, उरलेल्या अर्ध्यात दोन कॉम्प्युटर, प्रिंटर आणि आमची गर्दी. दुकानाचे मालक साठीचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. फॉर्म तेच भरून द्यायचे, बाँडवरचा मजकूरही तेच छापून द्यायचे, आणि शेजारच्या टपरीत नोटरी बसायचा.

"गॅप हाय?" काकांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"एक वर्ष."

"मंग बाँड जोडा लागन." त्यांनी एक फाइल उघडली, माझं नाव टाकलं, प्रिंटर खरखरला. कागद माझ्या हातात आला. मला वाचायची वाईट खोड आहे, मी वाचला. प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी सदर वर्षात शिक्षण घेऊ शकलो/शकले नाही. तसेच सदर कालावधीत मी कोणतीही नोकरी अथवा कामधंदा केलेला नाही.

कामधंदा केलेला नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, मी आजारी नोती. मी तोडीवर होती."

"असशीन. पन सगळेच हेच लिवते."

"खोटं कायले लिवू?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पाय बाई, काम लिवलं की ते इचारतीन, मंग कमाई किती होती? उत्पन्नाच्या दाखल्यात तुही कमाई हाय का? नाई. मंग दाखला खोटा, फॉर्म वापस. अन् आज आखरी तारीख हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी कडेचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशी छापलेले, सहीसाठी थांबलेले बाँड होते. जऊळक्याचा एक मुलगा माझ्याच वर्गात होता. दोन वर्षं पुण्याला बांधकामावर वाळू चाळून आला होता, वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. तो आजारी. लग्न करून दिलेली आणि वर्षभरात परत आलेली एक मुलगी, तीही आजारी. तालुक्यात साथ आली होती आणि आम्हालाच ठाऊक नव्हतं.

मी तशीच कॉलेजात गेले. शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या क्लार्क मॅडमना कागद दाखवला आणि विचारलं, खरं लिहिलं तर चालेल का? त्यांच्यासमोर पन्नास पोरं उभी होती. त्या म्हणाल्या, "नेहमीचा फॉर्मॅट सोडून दुसरं काही लावशील तर मी जिम्मेदार नाही. परत आला तर रडत माझ्याकडे यायचं नाही." त्यांनी पुढच्या पोराचा कागद हातात घेतलाही.

वेबसाइटवर मुदत रात्री बारापर्यंत होती. पण मॅडम पाचला जाणार, रिठदकडची शेवटची गाडी सहाला, आणि काका सूर्य बुडायच्या आत घरी जेवायला जाणार, कारण अंधार पडल्यावर ते जेवत नसत. म्हणजे सरकारची बारा वाजेपर्यंतची मुदत माझ्यासाठी साडेपाचला संपत होती. मी परत दुकानात आले तेव्हा काकांनी एक कॉम्प्युटर बंद केला होता, दुसरा माझ्यासाठी चालू ठेवला होता. नोटरीनं मान वर न करता शिक्का मारला. मी सही केली. फॉर्म गेला. काका म्हणाले, "झालं ना? मंग तोंड काहून पाडलं?"

घरी बाबा अंगणात विळ्याला धार लावत होते. ते चौथी शिकलेत, बोट ठेवून सावकाश वाचतात. त्यांनी बाँड मागितला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"आजारी? कवा होती तू आजारी?"

मी सगळं सांगितलं. असं लिहावं लागतं, सगळे लिहितात, नाहीतर फॉर्म परत येतो. ते ऐकत होते. मग त्यांचं बोट पुढच्या ओळीवर, कामधंद्याच्या ओळीवर गेलं, आणि ते म्हणाले, "मंग माह्यासंगं फडात कोन होतं?"

मला स्वतःची लाज वाटली, इतकी की आई जेवायला वाढते म्हणाली तरी मी उठले नाही. बाबाच नंतर म्हणाले, "राहू दे. काम होऊन राह्यलं ना." आणि त्यांनी ते म्हणावं, याचा मला आणखी संताप आला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर नोटीस होती. मुदत पंधरा दिवसांनी वाढवली आहे. वरातीमागून घोडं! आदल्या दिवशी ज्या तारखेनं माझ्या नरड्यावर पाय दिला होता, ती तारीख एका ओळीत पुढे सरकली होती. पोरं टाळ्या वाजवत होती. मी फळ्यासमोर उभी राहून अशी शिवी हासडली की शेजारची मैत्रीण दोन पावलं मागे सरकली.

मी सरळ मॅडमच्या टेबलाशी गेले. "माझा फॉर्म मला परत पाठवा. बाँड बदलायचा आहे."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. "गेलेला फॉर्म परत मागते? येडी का काय तू? वापस आलेला फॉर्म पुन्हा उघडला नाही तर? साइट बसली तर?"

"तर कॉलेज सोडीन."

खरंच सोडावं लागलं असतं. मॅडमनी माझ्याकडून तसं लिहून घेतलं, 'माझ्या जबाबदारीवर', आणि बटण दाबलं.

काकांनी नवा बाँड छापताना तीनदा सुस्कारा टाकला. मी सांगितलं, त्यांनी टाइप केलं: आईचा हात मोडल्यामुळे सदर वर्षात मी वडिलांसोबत ऊसतोडीच्या कामावर गेले होते, त्यामुळे शिक्षण घेऊ शकले नाही. नोटरीनं याही कागदावर मान वर न करता शिक्का मारला. आणि मग फॉर्म उघडेचना. मुदत वाढली म्हणून सगळा महाराष्ट्र त्या साइटवर तुटून पडला होता. अकरा दिवस मी कॉलेज सुटलं की दुकानात जाऊन बसायची आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरताना पाहायची. बाबा रोज विचारायचे, "झालं?" मी रोज नाही म्हणायची. बाराव्या दिवशी दुपारी चक्र थांबलं आणि फॉर्म गेला.

त्यानंतर साडेतीन महिने मी जीव मुठीत धरून होते. कमाईचं विचारतील, दाखल्याचं विचारतील, म्हणून उत्तरं पाठ करून ठेवली होती. कुणी काही विचारलं नाही. एके दिवशी मोबाइलवर मेसेज आला, अर्ज मंजूर.

मी मॅडमकडे गेले. "बाँडबद्दल वरून काही आलं होतं का?"

"काय येणार?"

"मी कारण वेगळं लिहिलं होतं ना."

मॅडम हसल्या, अगदी मोकळ्या मनानं. "अगं, ते कोण वाचतं? बाँड जोडला आहे की नाही एवढंच पाहतात. मीसुद्धा तेवढंच पाहते."

मला आनंद व्हायला हवा होता. माझं कॉलेज वाचलं होतं. पण मी तिथून निघाले ती संतापूनच. कुणीच वाचत नव्हतं तर ती सगळी पोरं कुणासाठी आजारी पडली होती? कुणाच्या सोयीसाठी आम्ही आमच्या घामाचं वर्ष आपल्या हातानं पुसत होतो? मागणारा नाही, वाचणारा नाही, आणि खोटं मात्र शंभर टक्के हजर.

तडक दुकानात जाऊन मी काकांना हे सांगितलं. म्हटलं, ती आजारपणाची फाइल काढून टाका, कारणाची जागा रिकामी सोडा, ज्याचं त्याला लिहू द्या. त्यांनी पुढ्यातल्या साडीची घडी घातली.

"सोडली होती बाई. तुहा फॉर्म गेल्यावर दोन-तीन दिवस रिकामी जागाच छापली म्या," ते म्हणाले. "पोरं पेन हातात घेऊन मलेच इचारते, काका, काय लिवू?"

"मंग तुमी त्याइले इचाराचं, त्या वर्षी काय करत होता."

"इचारलं ना," काका म्हणाले. "एक पोरगी इथंच, या काउंटरवर डोकं ठेवून रडली. मंग मीच म्हनलं, राहू दे माय, आजारी लिव."