चौदा जणांनी बघितलेलं घर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. गराजमध्ये रिकामी खोकी जमतात ना, तसं होतं. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, सगळं "असू दे, शिफ्टिंगला लागेल" म्हणून ठेवलेलं. मग एक दिवस गाडी आत जात नाही, तेव्हा कळतं किती झालीत ते. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच झालंय. त्यातले निम्मे एकट्या गुप्तेंच्या घरखरेदीचे आहेत, म्हणून आज तेवढेच बाहेर काढतो.

ग्रुप म्हणजे ॲडलेडमधली आम्ही सात मराठी जोडपी. दर रविवारी कोणाच्या तरी घरी जेवण. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलो तेव्हा कोणालाच काही कळत नव्हतं, म्हणून सगळं एकमेकांना विचारून करायचो. आता बऱ्यापैकी कळतं, पण खोड गेली नाही. फ्रिज घ्यायचा तरी सात घरांत चर्चा होते. गेल्या वर्षी एकाची कोलोनोस्कोपी होती, तर डॉक्टर कोणता यावर आम्ही चक्क मतदान घेतलं!

विजय गुप्ते पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर, आता रिटायर्ड. त्याची बायको माधुरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, अजून आठवड्याला तीन शिफ्ट करते. माधुरी लग्न होऊन गेली ती सासऱ्यांच्या घरात. मग सिडनीत, हॅरिस पार्कला, दुसऱ्या जोडप्याबरोबर वाटून घेतलेला फ्लॅट, मग कालगुर्लीला खाणवाल्यांचं क्वार्टर, मग ॲडलेडला मुलाच्या शाळेचा झोन बघून घेतलेलं घर. चार घरं झाली, त्यातलं एकही तिने निवडलेलं नव्हतं.

एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "मी एक घर बघून आले. दक्षिणेला, बीचजवळच्या पार्कमध्ये. दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो. मला ते हवंय."

इतक्या वर्षांत माधुरीने 'मला हवंय' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

विजयने आमटीची वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे बघून विचारलं, "काय वाटतं?"

*

इथे पार्क म्हणजे बाग नव्हे. पन्नाशीपुढच्या लोकांची वसाहत असते. घर कारखान्यात तयार होतं, ट्रकवरून येतं आणि ठरलेल्या जागेवर ठेवतात. घर तुमचं, जमीन पार्कवाल्यांची. जमिनीचं भाडं दर आठवड्याला द्यायचं.

"म्हणजे मोबाइल होम!" रेगे म्हणाला. रेगे आयटीत आहे आणि ग्रुपचा वास्तुतज्ज्ञही आहे, दोन्ही स्वयंघोषित. "मग रेगो, म्हणजे रजिस्ट्रेशन, काढावं लागतं का? गाडीसारखं?"

"चाकं नसतात रे त्याला," माधुरी म्हणाली.

"चाकं नाहीत, जमीन नाही, मग घेतेस काय?" हे डॉक्टर साने. डॉक्टर म्हणजे डेंटिस्ट, पण ग्रुपमध्ये त्यांचं मत शेवटचं. त्यांच्या तीन इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी आहेत आणि हे ते पहिल्या भेटीत सांगतात, दातांबद्दल नंतर. "जमीन आपल्या नावावर नाही ते घर नव्हे, माधुरी. तो तंबू!"

"डॉक्टर, तुमची तिन्ही घरं कोणाच्या नावावर आहेत?"

"माझ्या."

"आणि ती गहाण कोणाकडे आहेत?"

डॉक्टरांनी पापड मोडला. "ते वेगळं," ते म्हणाले.

मी हसलो, माझी बायको शुभा हसली. विजय हसला नाही. तो म्हणाला, "सगळ्यांनी एकदा बघून तर येऊ या."

*

मग बघण्याचा कार्यक्रम! शनिवारी सकाळी चार गाड्यांतून आम्ही चौदा जण गेलो. एस्कीत, म्हणजे बर्फाच्या खोक्यात, दहीवडे, दोन थर्मास चहा. मुलगी बघायलासुद्धा हल्ली इतके लोक जात नाहीत.

पार्कची मॅनेजर लिन, साठीची, उन्हाने रापलेली बाई. ती एवढी वरात बघून गेटातच थांबली.

"सो, हू इज द बायर?"

आम्ही बारा जणांनी विजयकडे बोट दाखवलं. विजयने डॉक्टर सान्यांकडे दाखवलं!

मग तपासणी सुरू झाली. रेगेने प्रत्येक भिंतीवर टकटक केलं आणि कान लावून ऐकलं. काय ऐकू आलं ते त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही. डॉक्टर सान्यांनी जमीन मजबूत आहे का बघायला हॉलमध्ये तीनदा उडी मारली. शेजारच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन विचारून गेली, "एव्हरीथिंग ऑलराइट, मेट?" कोणी संडासचा फ्लश चार वेळा ओढला. कोणी कपाटं मोजली आणि म्हणालं, "डबे कुठे ठेवणार?"

माधुरी या सगळ्यात नव्हतीच. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. समोर छोटा रस्ता, मग वाळू, मग समुद्र. तिने ओट्यावर हात ठेवले होते, आपलाच ओटा असल्यासारखे.

लिन तिच्याजवळ गेली. "यू लाइक इट, लव्ह?"

"येस," माधुरी म्हणाली.

त्या दिवशी एवढा एकच कामाचा शब्द बोलला गेला. बाकी आम्ही दहीवडे खाल्ले.

*

रेगेने रविवारी बॉम्ब टाकला. "मुख्य दार दक्षिणेला आहे."

विजयचा चेहरा उतरला. माणूस आयुष्यभर पंप आणि पाइप यांत रमलेला, पण दक्षिण म्हटलं की त्याच्यातला इंजिनिअर रजेवर जातो.

"पण उपाय आहे," रेगे म्हणाला. "मोबाइल आहे ना? मग फिरवा! नव्वद अंश फिरवलं की दार पूर्वेला."

आणि विजयने खरंच ईमेल केली हो! बरोबर नकाशा, त्यावर लाल बाण, क्रेनच्या दोन कंपन्यांचे फोन नंबर. लिनचं उत्तर फार सभ्य होतं. 'हाय विजय, नो वरीज, पण घर ठेवलंय तेव्हापासून हललेलं नाही. खाली ड्रेनेज आहे. शिवाय फिरवलं तर तुमच्या बाथरूमची खिडकी पलीकडच्या घरातल्या बॅरीच्या पॅटिओवर उघडेल. बॅरीची हरकत नाही, मी विचारलं.'

"आणि स्वयंपाकघरातून काय दिसेल?" माधुरीने विचारलं.

विजयने नकाशा बघितला. "बॅरीची शेड."

"मग समुद्र फिरवून मिळेल का, तेही विचार त्यांना."

रेगेने यावर विचार केला, हे मी शपथेवर सांगतो. थोडा वेळ तो खरंच विचार करत होता.

*

मग करारपत्र आलं. विजयने ते वाचलं नाही, ग्रुपवर टाकलं. सात घरांनी वाचलं आणि प्रत्येकाला काहीतरी सापडलंच. नाही सापडलं तर आपण वाचलं नाही असं वाटेल ना! माझाही एक मुद्दा होता, गटारावरच्या झाकणांबद्दल.

डॉक्टरांनी पाळीव प्राण्यांचं कलम धरलं. 'एकच कुत्रा, तोही लहान.' "हे मान्य करू नकोस," ते म्हणाले. "उद्या मोठा कुत्रा घ्यायचा झाला तर?"

विजय कुत्र्याला इतका घाबरतो की शेजारचं बीगल आत गेल्याशिवाय पत्रपेटीकडे जात नाही. तरी त्याने मुद्दा लिहून घेतला. असे तेवीस मुद्दे झाले आणि ते लिनला गेले.

या वेळी उत्तर दोन ओळींचं होतं. दुसरं एक जोडपं घर बघून गेलंय. तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबते.

माधुरीने फोन विजयच्या हातात दिला. "शुक्रवार," ती म्हणाली.

"हो, पण शनिवारी रेगेच्या मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम आहे. सगळे भेटणार ते रविवारीच. दोन दिवसांनी काय होतंय?"

शुभा मला घरी येताना गाडीत म्हणाली, "तुम्हा पुरुषांना एकेकट्याला खोलीत कोंडलं पाहिजे. बघू या जेवायचं काय ते तरी ठरवता येतं का."

*

मध्ये एक फोन झाला, तो माधुरीने शुभाला सांगितला. विजय-माधुरीचा मुलगा अमेय मेलबर्नला असतो, पस्तिशीचा आहे. येतो वर्षातून दोनदा, त्यातही एकदा क्रिकेटसाठी.

"मम, इट्स अ कॅरव्हान पार्क!"

"नाहीये रे. आणि असलं तरी मला चालेल."

"बट व्हॉट अबाउट माय स्टफ?"

त्याचं स्टफ म्हणजे अर्धं गराज. शाळेतल्या ट्रॉफी, दोन गिटार, एक कयाक, युनिव्हर्सिटीतल्या नोट्स. माधुरीच्या लॅबच्या मैत्रिणी आल्या की त्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही, ती याच्यामुळे.

"ये आणि घेऊन जा," माधुरी म्हणाली.

"मम! माय अपार्टमेंट इज टायनी!"

"मग तुझं घर लहान असलेलं चालतं, आणि माझं नको?"

मग अमेय म्हणाला, "पुट डॅड ऑन."

*

रविवारी सभा आमच्याकडे होती. माधुरी नव्हती. "शिफ्टला गेलीये," विजय म्हणाला. श्रीखंड-पुरी झाली आणि मग चर्चा. जमीन नाही, दार दक्षिणेला, कपाटं कमी, कुत्रा लहान, रीसेलचं काय, पाहुणे राहणार कुठे. पाऊण तास ज्या घराबद्दल बोललो त्याच्या खिडकीचा विषय कोणीही काढला नाही.

डॉक्टर म्हणाले, "हात वर करा."

नको म्हणणारे दहा. हो म्हणणारी एकटी शुभा. दोघांचं "अजून एक ऑप्शन बघावा" असं मत पडलं. त्या दहांत मी होतो. का, ते मला आजही सांगता येत नाही. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. त्याची मला लाज वाटते आणि शुभा ती अधूनमधून ताजी करते.

विजयने तिथूनच माधुरीला मेसेज केला. 'सगळ्यांचं ठरलं. नको.' निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

"पटलं तिला," विजय म्हणाला आणि त्याने आणखी श्रीखंड घेतलं.

*

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, ग्रुपवर माधुरीचा मेसेज. पार्कचा पत्ता, साइट नंबर एकेचाळीस, 'चार वाजता चहाला या.'

विजय आमच्याच गाडीत होता. माधुरी सकाळीच कुठेतरी बाहेर पडली होती, गेले काही दिवस ती खोकी भरत होती, पण ती अमेयच्या सामानाची असं त्याला वाटत होतं. "शेवटचं एकदा बघायचं असेल तिला," तो म्हणाला. "आपण नीट समजूत काढू. डॉक्टर बोलतील."

दार उघडंच होतं, दक्षिणेचं. ओट्यावर तिच्या लग्नातला पितळी डबा, खिडकीत तुळशीची छोटी कुंडी. माधुरी कप मांडत होती. आम्ही तेरा जण आत शिरलो. रेगेने सवयीने भिंतीवर टकटक केलं, बायकोने त्याचा हात खाली केला.

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना?" विजय म्हणाला.

"तुमचं ठरलं होतं. मी तुमच्या सभेआधीच्या गुरुवारीच सही करून आले होते. माझ्या सुपरमधून घेतलं, रिटायरमेंटच्या पैशांतून. जमीन नाही ना, त्यामुळे कागद थोडेच असतात." तिने गॅस बारीक केला. "साखर किती घालू?"

विजय खुर्चीत बसला. डॉक्टर सान्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "दोन चमचे."

तेवढ्यात लिन आली. हातात क्लिपबोर्ड. पार्कचा नियम असा की बाहेरच्या माणसांची नोंद करायची. तिने एकेकाचं नाव लिहून घेतलं. "डे व्हिजिटर्स, ऑल ऑफ यू?" आम्ही शाळेतल्यासारख्या माना हलवल्या.

मग ती विजयपाशी आली. "अँड यू, विजय? डे ऑर ओव्हरनाइट?"

विजयने माधुरीकडे बघितलं. "अगं, सांग ना हिला!"

लिनने पेन तसंच धरून माधुरीकडे मान वळवली. "हाउ मेनी नाइट्स शॅल आय पुट, लव्ह?"

माधुरीने गाळणं कपावर धरलं होतं. तिने चहा पूर्ण गाळला, एक थेंब सांडू दिला नाही. खिडकीबाहेर भरती होती.

"जस्ट द वन," ती म्हणाली. "फॉर नाऊ."